धोका आधी दिसावा म्हणून

तहान लागल्यावर विहीर खणू नये, असे आपल्याकडे म्हणतात. कामाच्या ठिकाणच्या सुरक्षिततेलाही हे तंतोतंत लागू पडते. अपघातानंतर चौकशी होते, अहवाल येतो. पण गेलेला माणूस परत येत नाही. म्हणून अपघाताची शक्यता आधीच शोधावी लागते. या पद्धतशीर शोधालाच जोखमीचे मूल्यमापन म्हणतात.

येथे दोन शब्दांतील भेद लक्षात घेतला पाहिजे. इजा करू शकणारी वस्तू किंवा परिस्थिती म्हणजे धोका. ती इजा होण्याची शक्यता आणि तिची तीव्रता यांचा एकत्र विचार म्हणजे जोखीम. उघडी वीजतार हा धोका आहे. ती कुलूपबंद खोलीत असेल तर जोखीम कमी. ओल्या वाटेवर असेल तर फार मोठी.

एक उदाहरण घेऊ. मुनिरका हे दक्षिण दिल्लीतील जुने गाव. शहर वाढत गेले आणि गाव त्याच्या पोटात सामावले. तेथील गल्ल्या अरुंद, इमारती एकमेकींना खेटून उभ्या. अशा एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर शिलाईचा छोटा कारखाना आहे, अशी कल्पना करा.

पहिली पायरी म्हणजे प्रत्यक्ष फिरून धोके पाहणे : यंत्राची सुई, तापलेली इस्त्री, एकाच बोर्डावर जोडलेली अनेक यंत्रे, जिन्यात रचलेले कापडाचे गठ्ठे. दुसरी पायरी म्हणजे त्यांची झळ कोणाला पोहोचेल, हे ठरवणे. कारागिरांबरोबरच गठ्ठे वाहणारा हमाल आणि वरच्या मजल्यावरील भाडेकरूही त्यात येतात.

तिसरी पायरी मोजमापाची. शक्यता आणि तीव्रता यांना एक ते पाच गुण देऊन त्यांचा गुणाकार करतात. सुई टोचण्याची शक्यता चार, तीव्रता दोन, गुणाकार आठ. आगीत जिना अडण्याची शक्यता दोन, पण तीव्रता पाच, गुणाकार दहा. रोज घडणाऱ्या गोष्टीपेक्षा क्वचित घडणारी गोष्ट अधिक घातक कशी, हे येथे दिसते.

चौथी पायरी उपायांची. धोका मुळातूनच दूर करणे हा सर्वोत्तम उपाय. हातमोजे वा मुखपट्टी हा शेवटचा. म्हणून अग्निशामक यंत्र भिंतीवर टांगण्याआधी जिना मोकळा केला पाहिजे. पाचवी पायरी म्हणजे सारे लिहून ठेवणे आणि यंत्र, माणसे किंवा जागा बदलली की पुन्हा तपासणे.

हे सारे केवळ कागदी नाही. ८ डिसेंबर २०१९ रोजी पहाटे दिल्लीच्या अनाज मंडी भागात एका इमारतीला आग लागली. तेथील कारखान्यांत झोपलेल्या कामगारांसह ४३ जण मृत्युमुखी पडले. बहुतेकांचा अंत धुराने गुदमरून झाला. १३ मे २०२२ रोजी मुंडका येथील आगीत २७ जण दगावले. त्या इमारतीला बाहेर पडण्यासाठी एकच जिना होता. तो जिना त्या दिवशी अरुंद झाला नव्हता. तो आधीपासून तसाच होता आणि रोज सर्वांच्या नजरेसमोर होता.

मग धोका दिसूनही तो कोणी का सांगत नाही? अनेकदा सांगणाऱ्याला नोकरी जाण्याची भीती असते, आणि ऐकणाऱ्याला खर्चाची. १९८४ च्या भोपाळ वायुदुर्घटनेनंतर, १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात दुरुस्ती झाली. घातक प्रक्रियांची माहिती कामगारांना देणे मालकांवर बंधनकारक झाले आणि आसन्न धोक्याची सूचना देण्याचा हक्क कामगारांना मिळाला. कारण कोणती पायरी निसरडी आहे, कोणते बटण दाबताना ठिणगी उडते, हे सर्वांत आधी तेथे राबणाऱ्यालाच कळते.

म्हणून मूल्यमापन करणाऱ्याने वहीइतकाच कानांचाही उपयोग करावा. तुम्ही जेथे काम करता किंवा शिकता, तेथील बाहेर पडण्याची वाट आज एकदा चालून पाहा. ती मोकळी नसेल, तर ही गोष्ट आजच सांगा.