चढावरची ई-सायकल : आधी शरीराचं माप, मग मोटरचं

नवी मुंबईत सायकलस्वाराला सपाटी आणि चढ दोन्ही हाताशी आहेत. एका बाजूला वाशी ते बेलापूर असा खाडीच्या कडेने जाणारा पाम बीच मार्ग, दुसऱ्या बाजूला पारसिकची टेकडी आणि खारघरचा डोंगर. सपाट रस्त्यावर पन्नाशीतला माणूसही मजेत सायकल मारतो. डोंगराचा रस्ता लागला की मात्र पहिल्या दोन वळणांतच धाप लागते, गुडघे कुरकुरतात आणि पुढच्या रविवारी सायकल बाल्कनीतच राहते. त्यामुळे पुढे-मागे दोन्हीकडे सस्पेन्शन असलेल्या इलेक्ट्रिक माउंटन बाइकची चौकशी आता चाळिशी-पन्नाशीतले लोकही करू लागले आहेत. ही सायकल स्वस्त नाही. साधी घेतली तरी काही दहा हजार, आणि परदेशी बनावटीची घेतली तर काही लाख रुपये जातात. दुकानात चर्चा होते ती मोटरची, बॅटरीची आणि रंगाची. चालवणाऱ्याचं हृदय, गुडघे आणि कंबर यांचा विषय क्वचितच निघतो. खरं तर सुरुवात तिथूनच व्हायला हवी.

मोटर असेल तर व्यायाम कसला?

हा प्रश्न बहुतेक जण विचारतात आणि त्याचं उत्तर अभ्यासांमधून मिळालेलं आहे. अमेरिकेत २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात ३३ अनुभवी सायकलस्वारांनी साधी माउंटन बाइक आणि ई-माउंटन बाइक एकाच मार्गावर चालवली. ई-सायकलवर त्यांच्या हृदयाचे सरासरी ठोके साध्या सायकलच्या तुलनेत ९४ टक्के होते. म्हणजे हृदयाला जवळपास तेवढंच काम पडलं. त्याच वर्षी युरोपातल्या सात शहरांच्या पाहणीत असं दिसलं की ई-सायकलवाल्यांची आठवड्याची एकूण शारीरिक हालचाल साध्या सायकलवाल्यांइतकीच भरते, कारण ते जास्त लांबचा पल्ला गाठतात.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम करायला सांगते. मध्यम व्यायाम ओळखण्याची खूण सोपी आहे : सोबत्याशी बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही. पेडल मारावं लागणारी ई-सायकल या मापात बसते. एक अट मात्र आहे. पेडल मारलं पाहिजे. नवी मुंबईत महापालिकेच्या सहकार्याने २०१८ पासून युलूच्या भाड्याच्या सायकली आल्या, पुढे त्यांच्या विजेवर चालणाऱ्या गाड्याही आल्या. त्यातल्या पेडल नसलेल्या गाड्या स्टेशन गाठायला उत्तम, पण त्यांवर बसून केलेला प्रवास व्यायामात धरता येत नाही. थ्रॉटल पिळून चालवलेल्या ई-सायकलचंही तेच.

चढाचं गणित

७५ किलोचा माणूस आणि २४ किलोची सायकल मिळून साधारण १०० किलो वजन होतं. शंभर मीटर अंतरात दहा मीटर उंची, म्हणजे १० टक्के चढ, ताशी आठ किलोमीटर वेगाने चढायचा तर सुमारे २५० वॅट शक्ती लागते. सराव नसलेल्या पन्नाशीतल्या माणसाला १०० वॅटच्या आसपास शक्ती काही वेळ टिकवता येते. उरलेली १५० वॅट आणायची कुठून? साध्या सायकलवर माणूस दम कोंडून जोर लावतो, रक्तदाब झपकन वर जातो आणि गुडघ्याच्या वाटीवर ताण येतो. ई-सायकलवर तो फरक मोटर भरून काढते. चढ आपल्या कुवतीत येतो, हा तिचा खरा उपयोग.

बॅटरीचा हिशेबही असाच करता येतो. व्होल्ट गुणिले अँपिअर-तास म्हणजे वॅट-तास. ३६ व्होल्ट, १० अँपिअर-तासाची बॅटरी ३६० वॅट-तासांची झाली. शंभर किलो वजन ३०० मीटर उंच नेण्यासाठी केवळ गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सुमारे ८२ वॅट-तास खर्च होतात. घर्षण, खडबडीत वाट आणि मोटरमध्ये वाया जाणारी उष्णता वेगळी. रविवारच्या एका फेरीसाठी एवढी बॅटरी पुरते. दुप्पट मोठी बॅटरी म्हणजे दुप्पट अंतर खरं, पण जास्त वजनही, आणि ते वजन इमारतीच्या जिन्यात व उतारावर आपल्यालाच सांभाळायचं असतं.

निवडताना काय पाहावं?

पहिला प्रश्न स्वतःला विचारावा : मागचं सस्पेन्शन खरंच हवं आहे का? पाम बीच, सर्व्हिस रोड आणि नोडमधल्या रस्त्यांपुरतीच सायकल असेल तर पुढचं सस्पेन्शन आणि रुंद टायर पुरेसे आहेत. खारघरच्या पठारावरच्या दगडगोट्यांच्या वाटा किंवा पनवेलच्या पलीकडच्या कच्च्या वाटा नियमित करायच्या असतील, शिवाय कंबरेचं जुनं दुखणं असेल, तर मागचा शॉक कामाचा ठरतो. तो धक्के कमी करतो, पण चुकीची बसण्याची पद्धत दुरुस्त करत नाही. वजनानुसार जुळवता न येणारा स्वस्त स्प्रिंग शॉक तर नसलेलाच बरा. सायकल जड होते आणि प्रत्येक पेडलला डुलते.

दुसरा प्रश्न मोटर कुठे आहे हा. मागच्या चाकाच्या हबमधली मोटर स्वस्त आणि सपाटीवर चांगली असते. लांब, तीव्र चढावर कमी वेगात ती तापते, आणि चाकाचं वजन वाढल्यामुळे मागच्या शॉकचं कामही थोडं बिघडतं. पेडलजवळची मोटर चेन आणि गिअरमधून जोर देते, म्हणून डोंगरात ती सरस. अर्थात ती महाग आहे.

तिसरा प्रश्न सेन्सरचा, आणि आरोग्याच्या दृष्टीने तोच सर्वात महत्त्वाचा. काही सायकलींत पेडल फक्त फिरतं आहे की नाही एवढंच मोजलं जातं. पाय नुसते फिरवले तरी मोटर पूर्ण जोर लावते, आणि हृदय आरामात राहतं. टॉर्क सेन्सर असलेली सायकल पायाचा दाब मोजते आणि त्या प्रमाणात मदत देते. जेवढा आपला जोर, तेवढी तिची साथ. व्यायामासाठी सायकल घेणाऱ्याने रंगाआधी हे विचारावं.

ब्रेक हायड्रॉलिक डिस्कचेच घ्यावेत. कायद्याचाही एक मुद्दा आहे. मोटर २५० वॅटच्या आत, मदत ताशी २५ किलोमीटरला बंद होणारी आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोच्या आत असेल, तर केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार ती मोटार वाहन ठरत नाही. वेगाची मर्यादा 'उघडून' देणारे दुकानदार ग्राहकाला नोंदणी, परवाना आणि विम्याच्या अडचणीत टाकतात.

शरीराप्रमाणे जुळवणी

सायकल घरी आली की पहिला तास स्क्रू आणि पंपासाठी राखून ठेवावा.

सीटची उंची : सीटवर बसून टाच पेडलवर ठेवावी. पेडल सर्वात खाली असताना गुडघा सरळ झाला पाहिजे. मग पायाचा पुढचा भाग पेडलवर ठेवला की गुडघ्यात २५ ते ३५ अंशांचा बाक राहतो. सीट खूप खाली असेल तर गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखतं, खूप वर असेल तर मागच्या बाजूला दुखतं आणि कंबर डावी-उजवीकडे डोलते. बदल एका वेळी पाच मिलिमीटरचाच करावा. अशा सायकलवर बसल्यावर शॉक दबतो, म्हणून ही तपासणी सायकल भिंतीला टेकवून, प्रत्यक्ष बसूनच करावी.

शॉकची हवा : नेहमीचे कपडे, बूट, पाण्याची पिशवी यांसह सीटवर शांत बसावं. मागचा शॉक त्याच्या एकूण दबण्याच्या २५ ते ३० टक्के आणि पुढचा फोर्क १५ ते २० टक्के दबला पाहिजे. मागच्या शॉकची चाल ५० मिलिमीटर असेल, तर तो १३ ते १५ मिलिमीटर दबावा. दांड्यावरची रबरी रिंग हे अंतर दाखवते. कमी दबला तर धक्के थेट मणक्यात जातात, जास्त दबला तर पेडल दगडाला आपटतं. त्यानंतर शॉक परत येण्याचा वेग पाहावा. फुटपाथवरून उतरल्यावर सायकल चेंडूसारखी उसळली, तर तो वेग कमी करावा.

टायर : सव्वादोन-अडीच इंची ट्यूबलेस टायरमध्ये ७५ किलोच्या माणसाला २२ ते २६ पीएसआय हवा पुरते. दुचाकीच्या पंपावर ठासून भरलेली हवा सस्पेन्शनचे पैसे वाया घालवते. ट्यूब असेल तर दाब थोडा जास्त ठेवावा, नाहीतर दगडावर पंक्चर होतं.

हँडल आणि ब्रेक : ब्रेकवर बोट ठेवल्यावर मनगट हाताच्या रेषेत सरळ राहिलं पाहिजे. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या येत असतील तर तळहाताच्या मुळाशी अल्नर नस दबते आहे असं समजावं. पकड सैल ठेवावी, हँडल थोडं वर घ्यावं. बैठकीच्या जागी बधिरता आली तर सीटचं नाक एक-दोन अंश खाली करावं आणि अधूनमधून पेडलवर उभं राहावं. तरीही ती टिकली तर डॉक्टरांना दाखवावं, लाजू नये.

आधी डॉक्टरांना कोणी भेटावं?

चालताना किंवा जिना चढताना छातीत दाब येतो, अवाजवी धाप लागते, चक्कर येते, अशांनी मोटर आहे म्हणून धोका पत्करू नये. नुकतीच अँजिओप्लास्टी झालेले आणि रक्तदाब ताब्यात नसलेले यांनीही आधी तपासून घ्यावं. बीटा-ब्लॉकर गटातली गोळी चालू असेल तर ठोके मुळातच कमी राहतात. मनगटी घड्याळातला आकडा तिथे फसवतो, बोलण्याची खूणच खरी. इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात ग्लुकोज ठेवावं. लांब फेरीनंतर काही तासांनीही साखर उतरू शकते. रक्त पातळ करणारी औषधं घेणाऱ्यांना आणि हाडं ठिसूळ झालेल्यांना पडण्याची किंमत जास्त मोजावी लागते, त्यांनी खडकाळ वाटा टाळाव्यात.

सुरुवात दोन आठवडे सपाट रस्त्यावर, दिवसाआड अर्धा तास अशी करावी. मग छोटा चढ, मोटरची मदत जास्त ठेवून. सहाव्या आठवड्यापासून मदत एकेक पायरी कमी करत जावी. तोच चढ कमी मदतीत जमू लागला, की तब्येत सुधारल्याचं दुसरं प्रमाणपत्र लागत नाही.

उतार विसरू नये

मोटर चढ सोपा करते, उतार नाही. पूर्वी जो माणूस दमून अर्ध्या वाटेवरून परत फिरत होता, तो आता माथ्यावर पोहोचतो आणि तिथून त्याला उतरण्याचा अनुभव नसतो. ताशी २० ऐवजी ३० किलोमीटर वेग घेतला तर थांबवावी लागणारी ऊर्जा दीडपट नव्हे, सव्वादोन पट होते. सायकल जड असल्याने ती पायावर पडली तरी इजा मोठी. सीट खाली घ्यावी, वजन मागे न्यावं, दोन्ही ब्रेक हळूहळू दाबावेत. हेल्मेट आणि हातमोजे घालावेत, सोबती असावा.

पडल्यावर अंगठ्याच्या मुळाशी खळगीत दुखत असेल, तर 'मुरगळलं असेल' म्हणून सोडू नये. तिथलं नावेच्या आकाराचं छोटं हाड मोडलेलं असू शकतं आणि पहिल्या एक्स-रेमध्ये ते दिसतंच असं नाही. दुखणं राहिलं तर पुन्हा तपासावं. डोक्याला मार लागल्यावर उलटी, गुंगी किंवा वाढती डोकेदुखी असेल तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

पावसाळ्यात खारघरच्या खडकावर शेवाळ धरतं, ओढे अचानक फुगतात. पांडवकड्यासारख्या धबधब्यांवर वन विभागाची प्रवेशबंदी असते, ती पाळावी. चिखलपाण्यात खरचटलेलं धुऊन घ्यावं, धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालं ते पाहावं. त्यानंतर पंधरवड्यात ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं असं झालं, तर लेप्टोस्पायरोसिसची शंका डॉक्टरांना स्वतःहून सांगावी.

शेवटचा मुद्दा घरातला. फ्लॅटच्या दारातच, चपलांच्या कपाटाशेजारी रात्रभर बॅटरी चार्ज करण्याची सवय वाईट. लिथियम बॅटरीने पेट घेतला तर बाहेर पडायची वाटच बंद होते. सायकल चालवून आल्यावर बॅटरी निवू द्यावी, ओलावा पुसावा, कंपनीचाच चार्जर वापरावा आणि घरातलं कुणी जागं असतानाच चार्जिंग करावं. महिनाभर सायकल वापरायची नसेल तर बॅटरी अर्धी भरून ठेवावी.

घेण्यापूर्वी एखादी ई-सायकल भाड्याने किंवा मित्राकडून मिळाली, तर दोन-तीन रविवार खऱ्या चढावर चालवून पाहावी. दुकानासमोरच्या गुळगुळीत रस्त्यावर मारलेल्या एका फेरीत गुडघा काही बोलत नाही.