पेरणीपूर्वीची दोन विधाने

कृषिसंशोधन केंद्रावर ज्वारीच्या नव्या वाणाची चाचणी घ्यावयाची ठरली, की तिफण शेतात उतरण्याच्या बरेच आधी संख्याशास्त्रज्ञाच्या मेजावर जे काम चालते ते मी जवळून पाहिले आहे. आणि पुढे हाती येणाऱ्या निकालाची सारी मातब्बरी त्याच कामावर अवलंबून असते, असे माझे मत झाले आहे.

तरुण संशोधकाने प्रथम लिहिले होते : ‘नवे वाण अधिक उत्पन्न देते.’ ज्येष्ठ संख्याशास्त्रज्ञांनी विचारले, “उत्पन्न धान्याचे की कडब्याचे?” प्रश्न क्षुल्लक नव्हता, कारण दाण्यात सरस ठरलेली ज्वारी कडब्यात उणी पडू शकते. दुरुस्त मसुद्यात ‘प्रयोगातील वाफ्यांची सरासरी’ असे शब्द आले, त्यांवरही रेघ ओढली गेली. वाफ्यांतले धान्य खळ्यावर तोलले म्हणजे कळणारच. परिकल्पना करावयाची ती त्या प्रदेशात सर्वत्र ते वाण पेरले असता येणाऱ्या, कोणालाही प्रत्यक्ष मोजता न येणाऱ्या सरासरीविषयी. अखेर कागदावर उरले ते असे : शून्य परिकल्पना, नव्या व प्रचलित अशा दोन्ही वाणांच्या धान्याच्या दर हेक्टरी खऱ्या सरासरीत फरक नाही, पर्यायी परिकल्पना, फरक आहे.

समतेचे विधान शून्य परिकल्पनेकडे जाते, कारण ते नेमके असते : खरा फरक शून्य मानला, तर केवळ जमिनीच्या कमीअधिक कसामुळे किती तफावत पडेल याचा हिशेब मांडता येतो. ‘फरक आहे’ एवढ्यावरून तो मांडता येत नाही. ‘नवे वाण सरस’ एवढाच पर्याय ठेवावा, असा संशोधकाचा आग्रह होता; परंतु नवे वाण निकृष्ट निघाले तर तेही शेतकऱ्याला सांगणे केंद्राचे कर्तव्य असल्याने पर्याय दोन्ही दिशांना मोकळा राहिला. आणि हे सारे पेरणीपूर्वीच, कारण ज्या धान्याने दावा सुचविला त्याच धान्याला त्या दाव्याचा साक्षीदार करणे न्याय्य नव्हे.

‘शून्य परिकल्पना’ ही संज्ञा रोनाल्ड फिशर यांनी १९३५ साली आपल्या ग्रंथात रूढ केली. पर्यायाचे विधान स्पष्ट मांडण्याचा आग्रह नेमन आणि एगॉन पिअर्सन यांच्या १९३३ च्या निबंधात आहे. त्या दोघांच्या सहवासात लंडनला अभ्यास केलेले, सातारा जिल्ह्यातील बुध गावचे पां. वा. सुखात्मे यांनी पानसे यांच्यासह १९५४ साली कृषिसंशोधकांसाठी लिहिलेल्या ग्रंथाने ही शिस्त आपल्याकडील प्रयोगशेतांत पोहोचविली.

शून्य परिकल्पना फेटाळता आली नाही, तरी ‘दोन्ही वाणे समान’ असे अहवालात लिहिता येत नाही. ‘फरकाचा पुरेसा पुरावा मिळाला नाही’ एवढेच लिहावे लागते. त्या अहवालाच्या भरवशावर जो शेतकरी आपल्या रानात बियाणे टाकणार आहे, त्याला कळावयास हवे ते एवढेच, आणि याहून रतिभरही अधिक नव्हे.