घरच्या घरी योगासने : पुस्तक, व्हिडिओ पारखून घ्या

बियाण्याची पिशवी घेताना आपण लेबल वाचतो. वाण कोणता, उगवणशक्ती किती, मुदत कधी संपते, हे बघितल्याशिवाय पैसे देत नाही. मग योगासने शिकायला हाती लागेल ते पुस्तक किंवा मोबाईलवर आधी दिसेल तो व्हिडिओ का धरायचा? खुरपणी, लावणी आणि पाठीवरचा फवारणी पंप यांनी आपली कंबर आधीच धरलेली असते. त्यात चुकीचे आसन झटक्याने केले, तर ऐन हंगामात अंथरूण धरायची वेळ येते.

पुस्तक पारखण्याची रीत सोपी आहे. दुकानातच कोणतेही एक आसन उघडा. समजा, दिवसभर वाकून काम करणाऱ्याला उपयोगी पडणारे भुजंगासन. तिथे चार गोष्टी दिल्या आहेत का ते बघा :

१) आसनात जायचे कसे.
२) आसन सोडून परत यायचे कसे.
३) जमत नसेल तर सोपा प्रकार कोणता.
४) हे आसन कोणी करू नये.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. हर्निया असणाऱ्यांनी व गरोदर भगिनींनी भुजंगासन करू नये. रक्तदाब, काचबिंदू किंवा मानेचा त्रास असणाऱ्यांनी शीर्षासनाच्या वाटेला जाऊ नये. अशा सूचना नसतील, तर चित्रे कितीही रंगीत असोत, पुस्तक परत ठेवा.

बी. के. एस. अय्यंगार यांचे १९६६ साली इंग्रजीत निघालेले पुस्तक मराठीत ‘योगदीपिका’ या नावाने आले. त्यात सुमारे ६०० छायाचित्रे आहेत आणि प्रत्येक आसनाला अवघडपणाचा आकडा दिला आहे, १ पासून ६० पर्यंत. आकडा लहान तितके आसन सोपे. नवख्याने लहान आकड्यांतच राहावे.

आता व्हिडिओ. २१ जूनचा आंतरराष्ट्रीय योग दिन २०१५ पासून साजरा होतो. त्यासाठी केंद्राच्या आयुष मंत्रालयाने साधारण ४५ मिनिटांचा सामान्य योग अभ्यासक्रम तयार केला. त्याची पुस्तिका व व्हिडिओ फुकट मिळतात. त्यात आधी मान, खांदे, कंबर, गुडघे मोकळे करून मगच आसने घेतात, म्हणून नवख्याला तो बरा. दुसरा कोणताही व्हिडिओ घेतला तरी शिकवणाऱ्याचे अंग बाजूने पूर्ण दिसले पाहिजे, भाषा समजली पाहिजे आणि श्वास केव्हा घ्यायचा, केव्हा सोडायचा हे सांगितले पाहिजे. आधी पूर्ण बघा, मग करा. मान वळवून पडद्याकडे बघत आसन करू नका. घरातल्या एकाने वाचून सांगावे, दुसऱ्याने करावे, हे उत्तम.

‘सात दिवसांत साखर गायब’ म्हणणाऱ्याला, दुप्पट उत्पन्नाची हमी देणाऱ्या खतविक्याइतकेच मोजा. चालू औषधे डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.

सरपंच, ग्रामसेवक मंडळींना एक विनंती. गावच्या वाचनालयात असे एक पारखलेले पुस्तक घ्या. वाकलेली पाठ पुस्तकाला दिसत नाही, म्हणून सुरुवातीचे काही दिवस एखाद्या जाणकार योगशिक्षकाला शाळेत बोलवा. लोणावळ्याला १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी स्थापन केलेल्या कैवल्यधाम संस्थेत असे शिक्षक तयार होतात.

सुरुवात सकाळी, रिकाम्या पोटी, पंधरा मिनिटांनी करा. दुखले की थांबा.