लहान उघड्या मोटारीतील सामानाची जागा : पूर्णगडच्या किनारी मार्गाच्या संदर्भात

प्रस्तावना :

रत्नागिरीहून पावसमार्गे दक्षिणेस जाणारा किनारी रस्ता जांभ्या दगडाचे सडे चढत-उतरत मुचकुंदी नदीच्या मुखाशी पूर्णगडास पोहोचतो आणि पुलावरून पलीकडे गावखडीकडे जातो. टेकडीवरील लहानसा किल्ला, खाली खाडी आणि समोर समुद्र अशी ही वाट उघड्या मोटारीतून पाहण्यासारखी आहे. तथापि टप दुमडता येणारी दुआसनी मोटार घेऊन दोन माणसे चार दिवसांसाठी निघाली की सामान ठेवायचे कोठे, हा प्रश्न प्रथम उभा राहतो. प्रश्न वरकरणी किरकोळ आहे. परंतु त्याचे उत्तर भलत्या जागी शोधल्यास वाहनाचा तोल बिघडतो आणि सड्यावरून खाडीकडे उतरताना तो बिघाड जाणवतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार वाहनाची रचना आणि भाराचे गणित या दोन अंगांनी केला आहे.

आपल्या परिसरातील वाहने :

या प्रकारच्या मोटारी आपल्याकडे केवळ परदेशातूनच आल्या असे नाही. १९९० च्या दशकाच्या अखेरीस गोव्यात ‘सॅन स्टॉर्म’ ही दुआसनी मोटार तयार होऊ लागली. तिचे बाह्यांग फायबरग्लासचे होते व इंजिन रेनो कंपनीचे, ११४९ घनसेंटिमीटरचे. पुढील दशकात अलिबागजवळ ‘चिंकारा’ रोडस्टर तयार होऊ लागली. १९५७ च्या ब्रिटिश ‘लोटस सेव्हन’च्या धर्तीवरील या गाडीत सामानासाठी जागा जवळजवळ नाहीच. जगभर खपलेल्या ‘माझदा एमएक्स-५’ची २००५ च्या आवृत्तीतील डिकी १५० लिटरची होती, ती २०१५ च्या आवृत्तीत १३० लिटरवर आली. आपल्याकडील ‘स्विफ्ट’ या कौटुंबिक मोटारीची डिकी २०१८ च्या आवृत्तीत २६८ लिटर, म्हणजे तिच्या दुपटीहून अधिक होती.

आकारमान आणि आकार :

लिटरच्या आकड्यावर फार विसंबू नये. खाद्यतेलाचा पंधरा किलोचा डबा सुमारे साडेसोळा लिटरचा असतो. त्या हिशेबाने १३० लिटरच्या डिकीत जवळजवळ आठ डबे बसावयास हवेत. प्रत्यक्षात निम्मे बसले तरी पुष्कळ, कारण ही जागा चौकोनी नसते. चाकांचे फुगवटे, टपाची घडी, बिजागऱ्या यांनी तिचे कोनाडे केलेले असतात. म्हणून ‘जादा जागा’ बहुधा नव्याने निर्माण करावी लागत नाही. ती कोनाड्यांत आधीच असते आणि ताठ पेटीमुळे वाया जाते. एका मोठ्या सुटकेसऐवजी चार-पाच मऊ पिशव्या घेतल्या, कपडे घडी न घालता गुंडाळले, पादत्राणांच्या पोकळीत मोजे भरले, तर तीच डिकी वेगळी भासू लागते. गलबतावर माल भरणाऱ्यांना हे सांगावे लागत नाही. जड माल तळाशी व मध्याकडे, हलका वर, आणि पोकळी कोठेही राहू द्यावयाची नाही, ही त्यांची रीत आहे.

भार कोठे ठेवावा :

यातील ‘मध्याकडे’ हा शब्द विशेष महत्त्वाचा आहे. समजा, मोटारीच्या पुढील व मागील आसांमधील अंतर २.३ मीटर आहे आणि डिकीच्या झाकणावर कॅरिअर बसवून त्यावर ४० किलो सामान ठेवले. हा भार मागील आसाच्या ०.८ मीटर मागे आला, तर तरफेच्या नियमाने मागील आसावर सुमारे ५४ किलो भार वाढतो आणि पुढील आसावरचा १४ किलोंनी कमी होतो. तेच ४० किलो आसनांच्या पाठीमागे, मागील आसाच्या ०.४ मीटर पुढे ठेवले, तर मागे ३३ व पुढे ७ किलो अशी विभागणी होते. सामान तेच, परंतु पहिल्या स्थितीत सुकाणूची चाके हलकी होतात. ज्या मोटारीत इंजिनाची शक्ती पुढील चाकांना मिळते, तिची चढावरील पकडही त्यामुळे कमी होते. शिवाय भार उंचावर गेल्याने वळणावरील कलंडण्याची प्रवृत्ती वाढते ती निराळीच.

फायबरग्लासच्या बाह्यांगाला आणखी एक मर्यादा आहे. पत्रा दाबला गेला तर पोचतो, हा पदार्थ मात्र तडकतो. कॅरिअरचे बोल्ट थेट त्यातून घातल्यास छिद्राभोवती ताण एकवटून तडे पसरतात. आतून रुंद धातूची पट्टी देऊन तो ताण पसरवावा लागतो. ज्या गाडीचे सुटे भाग सहजी मिळत नाहीत, तिच्या झाकणाला भोके पाडण्याआधी मालकाने दोनदा विचार करावा, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. आत कापाकाप करून नवा कप्पा काढणाऱ्यांनी मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ ही वाचावे. मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाही, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये अधोरेखित केली आहे.

टप व स्टेपनी :

टप दुमडल्यावर त्याची घडी जेथे बसते, तो खळगा टप चढवलेला असताना रिकामा असतो. ‘मर्सिडीज एसएलके’च्या १९९६ च्या आवृत्तीत टप वर असता डिकी ३४८ लिटर, तर टप दुमडल्यावर १४५ लिटर होई. अर्ध्याहून अधिक जागा छपरानेच खाल्लेली! कोकणात जून ते सप्टेंबर टप उघडण्याचा प्रश्न सहसा उद्भवत नाही. म्हणजे पावसाळी प्रवाशास हा खळगा फुकट मिळतो. त्यात मऊ वस्तूच ठेवाव्यात. उघडीप मिळाली म्हणून सामान न काढता टप दुमडल्यास मागील प्लास्टिकची खिडकी चिरण्याचा संभव असतो.

स्टेपनी काढून टाकणे हा सर्वांत मोहक उपाय होय. २०२० च्या नियमबदलानुसार ट्यूबरहित टायर, हवेचा दाब दर्शविणारी यंत्रणा व दुरुस्तीसंच असलेल्या मोटारीस स्टेपनीची सक्ती नाही. परंतु दुरुस्तीसंचातील द्रव खिळ्याने पडलेले छिद्र बुजवतो, टायरची बाजू फाटली तर तो निरुपयोगी ठरतो. आणि जांभ्याच्या कडा बाजूच फाडतात. किनारी रस्त्यावर स्टेपनी असू द्यावी. तिच्या वाटीसारख्या पोकळीत हत्यारे, दोरी, पावसाळी कपडे सहज मावतात.

परतीचे सामान :

एप्रिल-मे महिन्यांत पूर्णगड परिसरातून रिकाम्या हाताने परतणे कठीणच. पाच डझन हापूस, फळ २५० ग्रॅमचे धरले तरी, पेटीचे वजन सोडून १५ किलो होतो. लाकडी पेटी या मोटारीच्या डिकीत बहुधा आडवी वा उभी कशीच जात नाही. तेव्हा एकेक डझनाचे पुठ्ठ्याचे खोके मागून घ्यावेत व आसनांमागे, तसेच सहप्रवाशाच्या पायांशी वाटून ठेवावेत. चालकाच्या पायांशी मात्र काहीही ठेवू नये. ब्रेकखाली घरंगळलेला एक आंबाही घातक ठरू शकतो. डिकीच्या तळाखाली सायलेन्सर असेल तर तेथील तळ तापतो. ती बाजू फळांसाठी नव्हे, ओल्या टॉवेलांसाठी राखावी.