सहा रविवारांत दडलेला पराभव

हे शीर्षक नाही, कोड्यातला संकेत आहे. उत्तर दोन अक्षरी. रविवार म्हणजे सुट्टी, सुट्टी म्हणजे क्रिकेट, त्यात हरलेली टीम कुठली… असा विचार सुरू झाला असेल, तर तुम्ही गळाला लागलात. 'सहा रविवार' नुसतं अक्षरं सुटी करून वाचा: स-हा-र-वि-वा-र. दुसरं आणि तिसरं अक्षर उचला. हार!

इंग्रजीतल्या 'क्रिप्टिक' शब्दकोड्याचा सगळा कारभार असा. संकेताच्या एका टोकाला शब्दाचा सरळ अर्थ असतो, उरलेल्या भागात तो शब्द बनवायची कृती असते, आणि दोन्हींवर एका साळसूद वाक्याची शाल पांघरलेली असते. शिवण कुठे आहे ते आपण शोधायचं. आपल्या पुरवणीतलं 'रोज ठरलेलं दूध (३) – रतीब' हे कोडं त्यापुढे अगदीच देवमाणूस. इंग्रजीतला एक गाजलेला संकेत म्हणजे ओळीने आठ मुळाक्षरं, एचपासून ओपर्यंत, बाकी काही नाही. उत्तर पाच अक्षरी: वॉटर. 'एच टु ओ' मोठ्याने म्हणून बघा, पाणी मिळेल.

छळ करणाऱ्यांची गादी

लंडनच्या 'ऑब्झर्व्हर' या रविवारच्या पत्रात १९२६ पासून कोडी रचणारा गृहस्थ टॉर्केमाडा हे टोपणनाव लावायचा. मूळ टॉर्केमाडा हा स्पेनमध्ये पाखंड्यांचा छळ करणारा धर्मन्यायाधीश. १९३९ मध्ये त्याच्या जागी आला झिमेनिस, तोही धर्मन्यायाधीशाच्या नावाने. १९७२ मध्ये तिसरा आला, त्याने आणखी एका धर्मन्यायाधीशाचं, डेझाचं, नाव उलटं करून घेतलं: अझेड. इंग्रजीत ते 'ए टु झेड'सारखंही दिसतं. नाव घेतानाही कोडं घातल्याशिवाय चैन नाही!

त्यातला पहिला टॉर्केमाडा, एडवर्ड पॉविस मॅदर्स, हा माझा खास आवडता. लोकांच्या रविवारचा चुथडा करणाऱ्या या माणसाने बिल्हणाच्या 'चौरपंचाशिके'चं इंग्रजी रूपांतरही केलं होतं. राजकन्येवर प्रेम केलं म्हणून मृत्युदंड झालेला कवी पन्नास श्लोक म्हणतो, अशी त्यामागची आख्यायिका. बिल्हण काश्मीरचा, पण राजकवी झाला तो चालुक्यांच्या कल्याणीत, म्हणजे आजच्या बसवकल्याणात. आपल्या सीमेपासून हाकेच्या अंतरावर.

याच मॅदर्सने १९३४ मध्ये शंभर पानांची एक खूनकथा छापली आणि पानं मुद्दाम विस्कटून ठेवली. 'केन्स जॉबोन' तिचं नाव. पानं लावा, खुनी ओळखा. शंभर पानं किती प्रकारे लावता येतील? उत्तर १५८ अंकी आहे. तेव्हा दोघांना जमलं होतं. २०२० मध्ये ब्रिटिश विनोदी लेखक जॉन फिनेमोर यांना ते पुन्हा जमलं. लॉकडाऊनमध्ये घरात अडकून पडल्याचा एवढा उपयोग दुसऱ्या कुणी क्वचितच केला असेल.

झो, झ्हो आणि मुंगूस

अझेडच्या कोड्यात काळी घरं नसतात, नुसत्या जाड रेघा. आणि शब्द असे की इंग्लंडात जन्मलेल्यानेही कधी ऐकलेले नसावेत. त्यासाठी जवळ लागते 'चेंबर्स डिक्शनरी'. गंमत म्हणजे अझेड, म्हणजे जोनाथन क्राउदर, स्वतः ऑक्सफर्डच्या कोशाचे संपादक होते, तरी त्यांची कोडी सोडवायला कोश लागतो तो चेंबर्सच. ही मूळची एडिनबराची पेढी, त्यामुळे तिच्या कोशात स्कॉटिश शब्दांचा भरणा. 'टाघाइर्म' हा एक: बैलाच्या कातड्यात गुंडाळून घेऊन धबधब्याजवळ पडून राहायचं आणि भविष्य सांगायचं, त्याला म्हणतात. याक आणि गाय यांच्या संकरातून झालेल्या जनावराची, म्हणजे झोची, तर चार-पाच स्पेलिंगं, आणि सगळी ग्राह्य. घर कसंही उरो, झो कुठल्या ना कुठल्या वेशात शिरतोच.

हाच कोश एक्लेअर या केकची व्याख्या करताना तो लांबीला मोठा आणि आयुष्याला छोटा असतो असं सांगतो. असा कोश उशाशी घेऊन झोपावं. आपला मुंगूसही त्यात आहे. 'मंगूज' हा इंग्रजी शब्द मराठीतून गेला.

आता मुद्द्याची गोष्ट. एवढे शब्द माहीत नसताना कोडं सुटतं कसं? मला वाटायचं, ही मंडळी कोश पाठ करतात. तसं नाही. झिमेनिसने शिस्त घालून दिली: फसवा, पण खोटं बोलू नका. कृती अचूक असेल तर कधी न ऐकलेला शब्दही हाताने घडवता येतो. कोश उघडायचा तो फक्त खात्रीला.

हे मला पटलं ते माझ्या भाच्यामुळे. वय चौदा, जन्म चौदाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमधला. मी त्याला एक मराठी संकेत दिला: 'अर्धा पाव, मग औषध, छपरावरून धार (३)'. तो वही घेऊन बसला. पावाचा अर्धा भाग 'पा'. औषधाला आधी 'मात्रा' करून बघितलं, मग 'काढा', मग 'गोळी'.

"मामा, पागोळी? असला शब्द नसतोच."

"मोल्सवर्थचा कोश काढ."

निघाला. पावसात कौलांवरून अंगणात पडणाऱ्या धारा. कौलं त्याने पाहिली होती ती फक्त गणपतीला गावी जाताना, एसटीच्या खिडकीतून. पण शब्द त्याने स्वतः तयार केला होता, म्हणून त्याचा तोरा असा की जणू पागोळ्यांचा शोध यानेच लावला.

मराठीत अशी कोडी फार का रुजली नाहीत? माझा अंदाज: इंग्रजी अक्षरं फुटाण्यांसारखी सुटी, कशीही उधळावीत. आपल्या अक्षराला काना-मात्रा-वेलांटी बिलगलेली, जोडाक्षर तर सोडवताच येत नाही. तरी वाव आहे. 'उलटं काम केलं तरी शेतात आलं (२)'. मका.

कोड्यापायी चौकशी

कोडी वेळ घालवायला म्हणतात, पण १९४२ च्या जानेवारीत 'डेली टेलिग्राफ'ने बारा मिनिटांत कोडं सोडवायची स्पर्धा घेतली, आणि त्यातल्या काहींना नंतर युद्धकार्यासाठी गुपचूप बोलावणं आलं. जागा ब्लेचली पार्क, काम जर्मन संदेश फोडायचं.

त्याच पत्राने दोन वर्षांनी गुप्तचरांची झोप उडवली. १९४४ च्या मे-जूनमध्ये, नॉर्मंडीच्या स्वारीच्या तोंडावर, कोड्यांच्या उत्तरांत युटा, ओमाहा, ओव्हरलॉर्ड, मलबेरी, नेपच्यून असे शब्द येत गेले. सगळे स्वारीचे सांकेतिक शब्द! कोडी रचणारे लेनर्ड डॉ हे शाळेचे हेडमास्तर; त्यांची चौकशी झाली, हाती काही लागलं नाही. १९८४ मध्ये त्यांच्या एका माजी विद्यार्थ्याने सांगितलं की सर कोड्यासाठी शब्द मुलांकडून घ्यायचे, आणि मुलं तळावरच्या सैनिकांत हुंदडून ते शब्द ऐकून यायची.

आपल्याकडे कोडं थेट सुप्रीम कोर्टात गेलं. स्वातंत्र्याच्या आसपास रोख बक्षिसांच्या कोड्यांनी मुंबई इलाख्याला वेड लावलं होतं. १९५७ मध्ये चमारबागवाला खटल्यात कोर्टाने ठरवलं की अशा स्पर्धा जुगार आहेत, तो व्यापार नव्हे. त्याआधीच १९५५ च्या केंद्रीय कायद्याने महिन्याच्या बक्षिसांवर हजार रुपयांची मर्यादा घातली होती. अझेड मात्र मोकळाच राहिला!

हसू थांबतं ते एका ठिकाणी. 'गार्डियन'मध्ये अराउकारिया या नावाने कोडी रचणारे जॉन ग्रॅहम हे पाद्री. २०१३ च्या जानेवारीत त्यांच्या कोड्यात आजाराचं नाव, अवयव आणि उपचार ही उत्तरं होती, आणि सोबतच्या टिपेत हे सगळं अराउकारियालाच झालंय असं सांगितलं होतं. वाचकांनी चौकोन भरता भरता आपल्या आवडत्या रचनाकाराचा कॅन्सर स्वतःच्या पेन्सिलीने लिहिला. त्याच वर्षी नोव्हेंबरात, ९२ व्या वर्षी, ते गेले.

भाचा आता उलट मला कोडी घालतो. काल रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला संकेत: 'खा, वाढा नाहीतर फाडा, वस्तू एकच (२)'. मी तासभर पोळीवर अडकलो होतो. शेवटी चिडून विचारलं, उत्तर कुठे छापलंय?

त्याने लिहिलं, "मामा, पान उलटा."