नव्या सर्व्हरची ओढ आणि टिपेश्वरचा वाघ

२ जुलै २०२१ रोजी ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ (बीजीएमआय) हा गेम अँड्रॉइड फोनवर अधिकृतपणे सुरू झाला आणि यवतमाळ जिल्ह्यातल्या वणी-पुसदच्या पोट्ट्यांसाठी जिंकण्याचं गणितच पालटलं. त्याआधी सप्टेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने ११८ अ‍ॅप्सवर बंदी घातली होती. त्यांत या गेमचा पूर्वावतार पबजी मोबाइल होता. पबजीच्या आशिया सर्व्हरवर खेळताना समोर कुठल्याही देशाचा खेळाडू यायचा. नव्या गेममध्ये समोर फक्त भारत होता. सगळ्यात वरचा ‘कॉन्करर’ हा मान मात्र पूर्वीसारखाच, सर्व्हरवरच्या पहिल्या ५०० जणांना. अनेक देशांत वाटल्या जाणाऱ्या जागा एका देशाच्या वाट्याला आल्या.

कोणाची नेमबाजी रातोरात सुधारली नव्हती. भोवतालची माणसं तेवढी बदलली होती. ऑनलाइन खेळांतलं मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते हेच: इथे आपली पत समोर कोण उरलंय यावर ठरते.

एक हिशेब करून पाहा. सर्व्हरवर १००० खेळाडू आहेत आणि तुम्ही ४००वे आहात. म्हणजे ६०० जण तुमच्या मागे, संध्याकाळ बरी जाते. आता सतत हरणारे शेवटचे ५०० जण कंटाळून निघून गेले. तुमचा क्रमांक अजूनही ४००, पण मागे उरले फक्त १००. तुम्ही तसूभरही बिघडलेला नाहीत, तरी आता जवळजवळ रोज मार खाता. थोड्या दिवसांनी तुम्ही आणि तुमच्या मागचेही गेम काढून टाकता आणि ३००वा जो होता, तो तळाजवळ येतो. अशी थरामागून थर गळती चालते. गेलेला प्रत्येक जण मागे राहिलेल्यांसाठी खेळ थोडा अवघड करून जातो.

नव्या सर्व्हरवर ही गळती सगळ्यात जोरात असते. बरोबरीचे खेळाडू एकत्र आणणाऱ्या मॅचमेकिंगला जुने हार-जीतचे आकडे लागतात आणि पहिल्या दिवशी तेच नसतात. मग शंभर जणांच्या एकाच विमानातून मुरलेला खेळाडू आणि कालच गेम उतरवून घेतलेला मुलगा दोघंही उडी मारतात. नवखा गेमच्या नकाशावरच्या पोचिंकी गावात उतरतो, बंदूक शोधत एका घरातून दुसऱ्या घरात धावतो आणि ती सापडायच्या आत परत लॉबीत येतो. असं तीनदा झालं की फोन खिशात. म्हणून तर खालच्या टियरमध्ये बॉट, म्हणजे संगणकाने चालवलेले खेळाडू, सोडलेले असतात. नवख्याला पहिली शिकार मिळावी, त्याने थांबावं, यासाठीची ती सोय आहे.

मोठ्या प्रमाणावर हे पाहायचं तर अ‍ॅमेझॉनचा ‘न्यू वर्ल्ड’ हा ऑनलाइन गेम पाहा. २८ सप्टेंबर २०२१ रोजी तो आला आणि आठवडाभरात स्टीमवर एकाच वेळी नऊ लाखांहून जास्त माणसं आत होती. आत शिरण्यासाठी तासन् तास रांग. कंपनीने भराभर नवे सर्व्हर उघडले. काही महिन्यांतच गर्दी ओसरली, सर्व्हर ओस पडू लागले आणि ते एकमेकांत विलीन करावे लागले. पुढच्याच वर्षी खास कोऱ्या पाटीने सुरुवात करायचे सर्व्हर निघाले. जुन्या जगात चांगल्या जागा आणि संपत्ती कधीच वाटल्या गेल्या होत्या, आणि लोकांना पुन्हा शून्यापासून पळायचं होतं.

ही ओढ माणसापुरती नाही. आपल्या जिल्ह्यातलं टिपेश्वर अभयारण्य जेमतेम १४८ चौरस किलोमीटरचं. वाघांची संख्या वाढली की तरुण नराला तिथे स्वतःचा मुलूख मिळणं कठीण. ‘वॉकर’ म्हणून जगभर नाव झालेला टी१-सी१ हा वाघ २०१९ च्या जूनमध्ये तिथून निघाला. गळ्यात रेडिओ कॉलर होती, त्यामुळे त्याची वाट नकाशावर उमटत गेली. शेतं, रस्ते, नाले, शेजारच्या तेलंगणाची हद्द, असं नऊ महिन्यांत साधारण ३,००० किलोमीटर! अखेर बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात तो स्थिरावला. तिथे २०५ चौरस किलोमीटर जंगल होतं, भक्ष्य भरपूर होतं आणि दुसरा वाघ एकही नव्हता.

पण वाघीणही नव्हती. तिथे एखादी वाघीण आणून सोडावी का, यावर वनाधिकाऱ्यांना विचार करावा लागला. निव्वळ रिकामी जागा पुरत नाही, हे गेम कंपन्यांनाही असंच उमगलेलं आहे. प्रतिस्पर्धी नसलेल्या सर्व्हरवर पहिला क्रमांक सहज मिळतो, पण सामना जुळायला दहा मिनिटं लागली की तो पहिला क्रमांकवालाही कंटाळतो.

मग सगळे सर्व्हर जोडून एकच का करत नाहीत? कारण प्रकाशाचा वेग आडवा येतो. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. यवतमाळहून सिंगापूर सरळ रेषेत साधारण ३,५०० किलोमीटर. जाऊन-येऊन ७,००० किलोमीटर झाले, म्हणजे किमान ३५ मिलिसेकंद, आणि प्रत्यक्षातली केबल वळणं घेत जात असल्याने पिंग, म्हणजे हा जाण्यायेण्याचा वेळ, त्याहून बराच जास्त. मुंबई सरळ रेषेत ६०० किलोमीटरच्या आत, तिथे जाऊन-येऊन सहाच मिलिसेकंदांचा हिशेब. जास्त माणसं हवीत तर दूरवरची घ्यावी लागतात आणि दूरवरची घेतली की गोळी उशिरा लागते. किती मोठ्या जगाशी बरोबरीने लढता येईल, याची हद्द शेवटी निसर्गाचा नियम आखतो.

म्हणून जागा न वाढवता शर्यतच पुन्हा पुन्हा नव्याने सुरू करायची, हा उपाय टिकला. ‘ट्रॅव्हियन’ या जुन्या ब्राउझर गेममध्ये कोणीतरी जगातलं आश्चर्य शंभराव्या पातळीपर्यंत बांधलं की सर्व्हर संपतो आणि सगळे पुन्हा एका गावापासून सुरुवात करतात. बीजीएमआयमध्ये नवा सीझन लागला की सगळ्यांची रँक खाली येते, कॉन्कररचीसुद्धा. मध्येच सोडून गेलेले त्या आठवड्यात परत येतात, तळाचा थर पुन्हा भरतो आणि ४००व्या खेळाडूच्या मागे पुन्हा ६०० जण उभे राहतात.