हळदीचे तीन प्रश्न

हळद. तीन अक्षरे. काना नाही, मात्रा नाही. नुकत्याच वाचायला शिकलेल्या माणसालाही हा शब्द चटकन वाचता येतो.

आपल्या हिंगोली जिल्ह्यात हळद कोणाला ठाऊक नाही? हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात हळदीचे ढीग लागतात. २०२४ साली 'वसमत हळद' या नावाला भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे ते नाव आता वाटेल त्या हळदीला लावता येत नाही.

हळद आपण लावतो, काढतो, शिजवतो, विकतो. लग्नात अंगाला लावतो. बोट कापले तर जखमेत भरतो. मग हळदीविषयी आपल्याला ठाऊक नाही, असे काय राहिले?

एका साक्षरता वर्गात संध्याकाळी हीच गोष्ट निघाली. वर्गातले एक आबा म्हणाले, "गुरुजी, विद्यापीठात शिकलेली माणसं संशोधन करतेत म्हणं. काय करतेत तरी काय? अन् त्याचा आपल्याला काय उपेग?"

गुरुजी हसून म्हणाले, "आबा, तुम्ही आत्ता जे केलंत, तेच ती माणसं करतात. प्रश्न विचारतात. फरक एवढाच, की उत्तर सापडेपर्यंत प्रश्न सोडत नाहीत. आणि सापडलेलं उत्तर लिहून ठेवतात. म्हणजे दुसऱ्याला ते तपासून बघता येतं."

विचारा, तपासा, लिहून ठेवा. संशोधन म्हणजे एवढेच. अशी विद्यापीठे आपल्यापासून लांब नाहीत. परभणीला १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. आज त्याला वसंतराव नाईक यांचे नाव आहे. नांदेडला १९९४ साली स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले. हिंगोली जिल्ह्यातली कॉलेजे त्या विद्यापीठाला जोडलेली आहेत. वसमतला तर खास हळदीसाठी संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले आहे. सरकार अशा कामावर पैसा खर्च करते. तो पैसा आपलाच असतो. म्हणून तिथे काय चालते, ते आपणही समजून घेतले पाहिजे.

चला, एक हळकुंड हातात घेऊ आणि तीन प्रश्न विचारू.

पहिला प्रश्न : हळद जगते कशी?

हा जीवशास्त्राचा प्रश्न. जीवशास्त्र म्हणजे झाडे, प्राणी, माणसे आणि डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव यांचा अभ्यास.

ज्वारी आपण बी पेरून घेतो. हळद मात्र गड्ड्यापासून लावतो. असे का? प्रत्येक जिवाच्या शरीरात बारीक बारीक पेशी असतात. पेशीत गुणसूत्रे असतात. झाड कसे वाढेल, ते त्यांवर ठरते. बहुतेक जिवांत गुणसूत्रांच्या जोड्या असतात. बी तयार होताना त्या जोड्या निम्म्या-निम्म्या वाटल्या जातात. पण आपण लावतो त्या हळदीत गुणसूत्रांचे तीन संच असतात. दोन भावांत तीन बैल सारखे कसे वाटणार? वाटणी बिघडते. म्हणून हळदीला फूल येते, पण बी सहसा धरत नाही.

याचा शेताशी संबंध काय? संबंध मोठा आहे. गड्ड्यापासून आलेले झाड हे जुन्याच झाडाचे रूप असते. मूळ गड्ड्यात रोग असेल, तर तोही बेण्याबरोबर नव्या शेतात जातो. म्हणून तर जाणते शेतकरी सांगतात, बेणे निवडून घ्या.

हळदीचा मोठा वैरी म्हणजे कंदकूज. आधी पानांच्या कडा पिवळ्या पडतात. मग खोड बुडाशी मऊ होते. उपटून पाहावे, तर गड्डा सडलेला आणि घाण वास. वर्षाची मेहनत मातीत जाते. कोणी म्हणते नजर लागली, कोणी म्हणते नशीब. संशोधकांनी सडलेला गड्डा सूक्ष्मदर्शक यंत्राखाली पाहिला. त्यांना पिथियम नावाची बुरशी दिसली. शेतात पाणी साचले की ही बुरशी फोफावते. म्हणून पाण्याचा निचरा हा पहिला उपाय.

दुसरा उपाय मजेचा आहे. सगळ्याच बुरशा वाईट नसतात. ट्रायकोडर्मा नावाची बुरशी रोगाच्या बुरशीला दाबून ठेवते. परभणीच्या कृषी विद्यापीठात अशा मित्रबुरशी आणि मित्रजीवाणू एकत्र करून 'बायोमिक्स' तयार करतात. मराठवाड्यातले पुष्कळ हळद उत्पादक ते वापरतात.

पण एखादे औषध गुणकारी आहे, हे ठरवतात कसे? एका शेतकऱ्याला गुण आला, एवढ्यावर संशोधक विश्वास ठेवत नाहीत. त्या साली पाऊसच बेताचा असेल! म्हणून ते एकाच रानात अनेक वाफे करतात. बेणे तेच, खत तेच, पाणी तेच. काही वाफ्यांना औषध देतात, काहींना देत नाहीत. शेवटी दोन्हींची हळद तोलतात. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. दुसऱ्या गावीही तेच. सगळीकडे फरक दिसला, तरच म्हणतात की औषधाचा गुण आहे.

जीवशास्त्र शेतात सुरू होते आणि आपल्या ताटापर्यंत येते. बांगलादेशातली गोष्ट ऐका. तिथल्या खेड्यांत गरोदर बायकांच्या रक्तात शिसे सापडले. शिसे हे विष आहे. ते लेकरांच्या मेंदूची वाढ खुंटवते. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आणि तिथल्या स्थानिक संशोधकांनी शोध घेतला. शिसे येते कुठून? माग निघाला हळदीत! हळकुंड पिवळेधमक दिसावे म्हणून काही व्यापारी त्याला शिसे असलेला पिवळा रंग चोळत होते. २०१९ साली हे छापून आले. सरकारने धाडी घातल्या, दंड केले, लोकांना सावध केले. त्या साली बाजारातल्या शंभर नमुन्यांपैकी सत्तेचाळीस नमुन्यांत शिसे होते. २०२१ साली एकाही नमुन्यात सापडले नाही.

तेव्हा ध्यानात ठेवा. फार चमकणारी हळद ती चांगलीच, असे समजू नका.

दुसरा प्रश्न : माणूस शिकतो कसा?

हा शिक्षणशास्त्राचा प्रश्न. तुम्ही म्हणाल, यात कसले आले संशोधन? गुरुजींनी शिकवावे, आपण शिकावे.

पण विचार करा. मोठा माणूस दिवसभर रानात राबतो. रात्री पाटी घेऊन बसतो. त्याला लहान मुलांचे पुस्तक दिले, तर त्याचे मन कसे लागेल? त्याला जगाचा अनुभव आहे. फक्त अक्षर ठाऊक नाही.

ब्राझील नावाचा देश आहे. तिथे पावलो फ्रेरे नावाचे शिक्षक होते. ते रेसिफे विद्यापीठात काम करत. १९६३ साली आंजिकोस गावात त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी एक प्रयोग केला. आधी ते लोकांमध्ये गेले. लोक रोज कोणते शब्द बोलतात, ते ऐकून टिपून घेतले. मग लोकांच्या कामातले, सुखदुःखातले शब्द निवडले. त्या शब्दांवर आधी गप्पा झाल्या, आणि मग अक्षरे फोडून शिकवली. सुमारे तीनशे माणसे चाळीस तासांच्या शिकवणीत लिहू-वाचू लागली.

फ्रेरे यांचे म्हणणे थोडक्यात असे. माणूस म्हणजे रिकामे मडके नव्हे, की वरून ज्ञान ओतले आणि झाले. तो आधीपासूनच जग समजून घेत असतो. अक्षर आले की तो आपल्या हालाचे कारणही विचारू लागतो. असे प्रश्न सगळ्यांना आवडत नाहीत. १९६४ साली ब्राझीलमध्ये लष्कराने सत्ता घेतली. फ्रेरे यांना तुरुंगात टाकले. पुढे त्यांना देश सोडून राहावे लागले. पण त्यांची रीत जगभर गेली.

म्हणूनच या पाठाची सुरुवात आपण 'हळद' या शब्दाने केली. 'ह' शिका, 'ळ' शिका, 'द' शिका. आणि मग विचारा, माझ्या हळदीला भाव काय मिळाला? पावतीवर वजन बरोबर लिहिले आहे का?

तिसरा प्रश्न : खरे कशाला म्हणावे?

हा तत्त्वज्ञानाचा प्रश्न. तत्त्वज्ञान म्हणजे नुसत्या देवाधर्माच्या गोष्टी नव्हेत. आपल्याला एखादी गोष्ट कळली, हे कशावरून? ती खरी कशावरून? योग्य काय, अयोग्य काय? असे मुळाशी जाणारे प्रश्न म्हणजे तत्त्वज्ञान.

आपल्याकडे न्यायदर्शनात ज्ञानाची चार साधने सांगितली आहेत. त्यांना प्रमाणे म्हणतात. त्यांपैकी तीन आपण रोज वापरतो. गड्डा सडलेला डोळ्यांनी पाहिला, हे प्रत्यक्ष. पाने पिवळी पडली, म्हणजे खाली गड्डा सडला असावा, हे अनुमान. आणि भरवशाच्या जाणत्या माणसाने सांगितले, हे शब्द. आजी म्हणते, 'जखमेला हळद लाव.' आपण लावतो. हे शब्दप्रमाण.

पण आजीचा शब्द सगळीकडे चालतो का? एक खरी हकिकत ऐका.

१९९५ साली अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला एक पेटंट मिळाले. पेटंट म्हणजे नव्या शोधावर ठरावीक वर्षे एकट्याचा हक्क. शोध कोणता? हळदीने जखम भरते, हा! आपल्याकडे शेंबड्या पोराला ठाऊक असलेली गोष्ट तिथे नवा शोध ठरली.

ते पेटंट अमेरिकेपुरते होते. इथल्या आजीला कोणी अडवणार नव्हते. पण आपले ज्ञान दुसऱ्याच्या नावावर लागत होते. त्या वेळी भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे प्रमुख डॉ. रघुनाथ माशेलकर होते. ते मूळचे गोव्यातल्या माशेल गावचे. परिषदेने १९९६ साली अमेरिकेच्या पेटंट कचेरीत हरकत घेतली.

आता अडचण आली. तेव्हाच्या अमेरिकन कायद्यात परदेशातले नुसते तोंडी ज्ञान पुरावा म्हणून धरत नसत. ते छापलेले असावे लागे. कोट्यवधी आज्यांची साक्ष तिथे कामाची नव्हती! मग पुस्तके शोधली. संस्कृत, हिंदी, उर्दू भाषांतले बत्तीस लेखी पुरावे जमवले. काही शंभर वर्षांहून जुने होते. १९५३ साली भारतातल्या डॉक्टरांच्या मासिकात आलेला एक लेखही त्यांत होता. १९९७ साली पेटंट कचेरीने मान्य केले, की हा शोध नवा नाही. पेटंट रद्द झाले. पुढे भारताने असे जुने ज्ञान एकत्र करून संगणकात नोंदवायचे काम हाती घेतले.

वर्गात ही हकिकत सांगून झाली, तेव्हा एक आजी म्हणाल्या, "म्हंजी माझ्या मायनं सांगितलेलं खोटं, अन् कागद खरा?"

आजींचा प्रश्न लाखमोलाचा आहे. लिहिलेले नाही म्हणून ज्ञान खोटे होत नाही. आणि लिहिलेले आहे म्हणून खरेही होत नाही. पण लिहिलेले टिकते. ते दूरच्या माणसाला दाखवता येते. तपासता येते. आजीच्या शब्दाला कागदाचे बळ मिळाले, म्हणून तर दावा जिंकता आला.

आणखी एक. हळद गुणाची आहे, म्हणून ती सगळ्यावर औषध आहे, असे नव्हे. जखम खोल असेल, गंजलेला खिळा लागला असेल, तर दवाखान्यात जा. धनुर्वाताचे इंजेक्शन घ्या. आजीलाही मान द्यावा, आणि तपासूनही पाहावे.

आपली वही

तीन प्रश्न झाले. तिन्हींतून निघाले काय? विचारा, तपासा, लिहून ठेवा. हे काम आपल्यालाही करता येते.

एक वही घ्या. हळद लावली त्या दिवशी तारीख लिहा. बेणे कुठून आणले, ते लिहा. खत किती घातले, औषध कोणते दिले, कोणत्या कोपऱ्यात कूज आली, ते लिहा. थोड्या जागेत औषध न देता ठेवा आणि फरक पाहा. शेवटी किती क्विंटल झाली आणि काय भाव मिळाला, ते लिहा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना झाडपाल्याची माहिती असेल, तर त्यांच्याजवळ बसून तीही लिहून घ्या.

आबा म्हणाले, "गुरुजी, आमचं वेडंवाकडं लिहिलेलं वाचणार कोण?"

गुरुजी म्हणाले, "आबा, आधी तुम्हीच वाचाल. पुढच्या लागवडीला बेणं घ्यायच्या आधी."

आबांनी वही पुढे ओढली. वर तारीख घातली. खाली सावकाश लिहिले : हळद.